दाण्याच्या पोटात

रात्री तीनला तोकुजोमामा मला उठवतो.
बाहेर योकोतेचा बर्फ खिडकीच्या निम्म्यावर आलेला,
आत कोजीच्या खोलीत बनियन घामाने चिकटलेलं.
देवदाराच्या फळ्या, वाफवलेला भात,
आणि उकडलेल्या चेस्टनटसारखा तो वास,
जो आला की मामा बोलायचं थांबतो.

एक दाणा नखाने फोडून तो दिव्याला धरतो.
"वरवर पसरली तर आळशी बुरशी," म्हणतो,
"गाभ्यात उतरली तर कामाची."
म्हणून भाताचं अंग कोरडं ठेवायचं, पोट ओलं.
तहानेने आपली वाट धरावी, एवढीच त्याची विद्या.
पन्नास हिवाळे त्याने बुरशीला
हात न धरता बोट धरून नेलंय.

मी सेन्दाईला याच प्रश्नावर चार वर्षं बसलेय.
माझ्याकडे दिवा नाही, लेझर आहे.
धाग्याच्या टोकाशी एक काळसर ठिपका असतो, मामा,
इवल्या पिशव्यांची झुंबड,
प्रत्येकीत भिंतीचं सामान.
ठिपका डावीकडे कलला की अख्खा धागा डावीकडे.
धागा म्हणजे तरी काय,
ठिपक्याने मागे टाकलेला रस्ता.

"आणि ठिपक्याला कोण सांगतं?"

इथे मी यीस्टकडे वळते. यीस्ट सोपं.
गोल असतं, त्याला ना पुढा ना पाठ.
सालीच्या आतून एक प्रथिन, धड नाव नाही,
ओळखायला आकडा: बेचाळीस.
सुरुवातीला ते सगळीकडे असतं, म्हणजे कुठेच नसतं.
मग एका जागी चार जास्त जमतात.
तिथेच का?
कधी जुन्या कळीचा वण शेजारी असतो म्हणून,
कधी पलीकडून जोडीदाराचा गंध येतो म्हणून,
कधी कारणच नसतं.
चौघं आणखी चौघांना बोलावतात,
दुसऱ्या कोपऱ्यातले तिघं निमूट उठून इकडे येतात,
आणि साल तिथे फुगू लागते. कळी.

मामा बराच वेळ भात चाळत राहतो.
मग जे सांगतो ते माझ्या प्रबंधात कुठेच बसणार नाही:
"आमच्या गावातून पहिला किसुके निघाला.
भांडून. बायकोशी की बापाशी, आता आठवत नाही.
डोंगर उतरून डावीकडे गेला असता तर खाणीत लागला असता.
उजवीकडे वळला, कारण उजवीकडचा बर्फ
कुणीतरी आधीच तुडवून ठेवला होता.
पुढच्या हिवाळ्यात त्याचे दोन भाऊ. मग मी. मग बारा जण.
लोक म्हणायला लागले,
त्या गावाच्या रक्तातच साके आहे."

वरच्या माळ्यावर बारा गाद्यांची जागा अजून आहे.
यंदा तीन अंथरल्या.
त्यातली एक माझी, तीही सुट्टीपुरती.

मी फोनवर त्याला एक फोटो दाखवते:
सदतीस अंशांवर ठेवलेलं, बेचाळीस बिघडलेलं यीस्ट.
लगेच मरत नाही ते. खातं, पितं,
पोटात केंद्रकांवर केंद्रकं साठवतं,
चहूबाजूंनी नुसतं फुगत जातं,
कळी मात्र धरत नाही.
मामा चष्मा कपाळावर चढवून बघतो.
"आमची सहकारी संस्था," म्हणतो,
आणि इतका हसतो की खोकल्याची उबळ येते.

मला खरं तर विचारायचं होतं,
ॲबर्डीनहून पत्र आलंय, जाऊ का.
तो विचारतो, "नखं कापलीस?"
आणि भाताकडे मान हलवतो.
मी मनगटापर्यंत हात घालते.
चाळीस अंश.
ही ऊब कुणी दिलेली नाही, बुरशीची स्वतःची.
एक दाणा फोडते, दिव्याला धरते.
कोरड्या कडेपासून एक पांढरी रेघ आत, आत,
गाभ्याच्या केसभर अलीकडे.

"दोन तासांनी परत बघ," मामा म्हणतो
आणि दार ओढून घेतो, वारा लागू नये म्हणून.